महिनाभराचा खर्डा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसमधून जे वितळलेले लोखंड बाहेर पडते त्यात सुमारे चार टक्के कार्बन असतो. ते तसेच निवू दिले तर घणाच्या घावाने फुटेल इतके ठिसूळ होते. त्याचा रूळ होत नाही. रूळ करायचा तर ते आधी एसएमएसमध्ये, म्हणजे स्टील मेल्टिंग शॉपमध्ये जाते. तिथे प्राणवायूच्या झोताने जास्तीचा कार्बन जाळून काढतात, मग ठोकळे ओततात, आणि ते ठोकळे रेल मिलमध्ये लाटले जातात. भिलाईच्या सेक्टर २ मधल्या जुन्या रहिवाशांना हे नव्याने सांगायची गरज नाही; तिथल्या घरांची चूल दोन-तीन पिढ्या याच कामावर पेटत आली आहे. पण एका महिन्यात कादंबरीचा खर्डा लिहून काढायचा असे कुणी म्हटले, की कुठल्याही वाचनप्रेमी घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: महिनाभरात काय डोंबलाची कादंबरी होणार? शंका रास्त आहे, फक्त ती चुकीच्या खात्याकडे विचारलेली आहे. फर्नेसकडे कुणी रूळ मागत नाही.

या कल्पनेला अलीकडच्या काळात जगभर ज्या उपक्रमाने नाव मिळवून दिले, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९९ च्या जुलैत सुरू झाला. ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने मित्रमंडळी जमवली, एकंदर एकवीस जण. अट एकच: तीस दिवसांत पन्नास हजार शब्द. पुढच्या वर्षी महिना बदलून नोव्हेंबर झाला, 'नॅनोरायमो' हे लघुनाव रुळले, आणि पुढे लाखो लोक त्यात उतरले. त्यातल्या बहुतेकांचे खर्डे कपाटातच राहिले, हे उघड आहे. पण सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' या भरपूर खपलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे याच नोव्हेंबरांतून आले. उपक्रम चालवणारी संस्था मार्च २०२५ मध्ये बंद झाली. पैशांची ओढाताण, सहभागी मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या तक्रारी आणि यंत्राकडून लिहून घेण्याविषयीची संस्थेची वादग्रस्त भूमिका अशी कारणे तिच्यामागे साचत गेली होती. संस्था गेली तरी कल्पना उरली. ती कुणाच्या मालकीची कधीच नव्हती, आणि नवीन तर मुळीच नव्हती.

मराठी माणसाला ठरावीक दिवसांचा नेम ठाऊक आहे. सात दिवसांचे पारायण, चातुर्मासातले व्रत, संकल्प सोडणे आणि शेवटी उद्यापन करणे हा आपला जुना शिरस्ता. लेखनातही तो होता, पण त्याला आव्हान म्हणायची पद्धत नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी अर्धशतकाच्या आत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे वर्षाला वीस तरी. गुरुनाथ नाईकांची संख्याही हजाराच्या वरच. सर्क्युलेटिंग लायब्ररीतले गिऱ्हाईक दर आठवड्याला नवीन काय आले म्हणून विचारायचे, आणि अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांना उशीर करून चालत नसे. ही पुस्तके छोटी होती, साच्यातली होती, आणि समीक्षेने त्यांना दारातही उभे केले नाही. तरी एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली: महिनाभरात सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट लिहून होते, आणि ती लिहिणारा माणूस अलौकिक असावा लागत नाही, त्याला बैठक मात्र असावी लागते.

साचेबंद पुस्तकांचा दाखला पुरेसा वाटत नसेल तर साने गुरुजींकडे पाहावे. 'श्यामची आई'चा बराचसा भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिला गेला, तोही दिवसाचे काम उरकून रात्री. पुस्तक आले १९३५ मध्ये. त्याहून बोलका दाखला 'कोसला'चा. मुंबईत बस्तान न बसलेले पंचविशीचे भालचंद्र नेमाडे १९६३ मध्ये खानदेशातल्या सांगवीला, आपल्या गावी परतले आणि घरात कोंडून घेऊन दोन-तीन आठवड्यांत त्यांनी ती कादंबरी लिहून काढली. त्याच वर्षी पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती छापली. मराठी कादंबरीची भाषा ज्या मोजक्या पुस्तकांनी बदलली, त्यांतले हे एक. याच लेखकाने पुढे 'हिंदू' या कादंबरीसाठी वाचकांना कितीतरी वर्षे ताटकळत ठेवले. ती २०१० मध्ये आली. म्हणजे एकाच माणसाच्या हातून एक पुस्तक आठवड्यांत उतरले आणि दुसऱ्याने दशके घेतली. तेव्हा वेग हा लेखकाचा गुण किंवा दोष ठरवण्यात अर्थ नाही. तो त्या त्या पुस्तकाच्या मजकुराचा स्वभाव असतो. 'कोसला'चा मजकूर लेखकाच्या अंगात आधीच भरलेला होता: खानदेशातले घर, पुण्यातले वसतिगृह, अपयश घेऊन परत येणे. तीन आठवड्यांमागे पंचवीस वर्षे होती.

महिन्याच्या आव्हानाची मर्यादाही इथेच कळते. जे अंगात आहे तेच महिन्यात उतरते. पानिपतावर किंवा पेशवाईवर लिहायचे असेल तर आधी दफ्तरे, बखरी, नकाशे यांत वर्षे घालवावी लागतात, आणि तो अभ्यास तीस दिवसांत उरकू पाहणाऱ्याने दुसरा छंद शोधलेला बरा. पण सेक्टरमधले बालपण, वडिलांची नाइट शिफ्ट, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडण्याची वेळ, मुलांचे पुण्या-बंगळूरला निघून जाणे, या मजकुरासाठी कुठल्या ग्रंथालयात जायचे आहे? तो साठलेला आहे. तो बाहेर पडत नाही, कारण लिहिणारा दुसऱ्याच पानावर थांबून पहिले पान सुधारत बसतो. तीस दिवसांची अट नेमकी या सवयीवर घाव घालते. रोजचा आकडा गाठायचा असल्यामुळे मागे वळून वाक्य घासायला वेळच मिळत नाही. लिहिणारा आणि तपासणारा हे दोघे एकाच डोक्यात राहतात. त्यांतल्या दुसऱ्याला महिनाभर रजेवर पाठवायचे, एवढाच या खटाटोपाचा अर्थ आहे, आणि माझ्या मते तेवढा पुरेसा आहे.

घाईत लिहिलेले कच्चे असते, हा आक्षेप यावर लगेच येतो. असतेच. घोटाळा होतो तो कच्चे पक्के म्हणून खपवताना, आणि त्याला थोर लेखकांच्या फुशारक्यांनी हातभार लावला आहे. विल्यम फॉकनर १९२९ च्या अखेरीस मिसिसिपी विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळीला होता. त्या पाळीत, मधल्या निवांत तासांत त्याने 'अ‍ॅज आय ले डाइंग' ही कादंबरी लिहिली. सहा आठवड्यांत लिहिली आणि शब्दही बदलला नाही, असे तो सांगत असे. भिलाईत रात्रीची सी शिफ्ट करणाऱ्या कुणालाही हे ऐकून हुरूप येईल. सहा-सात आठवड्यांचा हिशेब खरा आहे. शब्द न बदलल्याचा नाही, कारण त्याच्या हस्तलिखितात आणि टंकलिखितात दुरुस्त्या दिसतात. आपल्याकडे टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने लिहिले. ती कादंबरी नव्हे, पण खर्डा आणि ग्रंथ यांतले अंतर दाखवायला त्या ग्रंथाइतका चांगला दाखला नाही: छापून आले १९१५ मध्ये. (त्याचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, आणि 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० मध्ये पेंड्र्याहून काढणारे. मराठीतून हिंदीत जाणारी ही वाट भिलाईच्या कारखान्यापेक्षा अर्ध्या शतकाने जुनी आहे.) लोखंडाचे पोलाद होते ते काढून टाकण्याने, खर्ड्याचेही तसेच. त्यातले दहा हजार शब्द जाळल्याशिवाय हाती काही लागत नाही. पण जाळायला आधी ते असावे लागतात.

उलट टोकाचे उदाहरणही या परिसरातच आहे. भिलाईहून नागपूरच्या वाटेवर राजनांदगाव लागते. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवत होते. घर मराठी, लेखन हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी आणि कादंबरीकार. गजानन मुक्तिबोध आपल्या दीर्घ कविता वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. सप्टेंबर १९६४ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघालेला नव्हता. पहिला संग्रह मृत्यूनंतर त्याच वर्षी आला. याचे खापर त्यांच्या काटेकोरपणावर फोडणे अन्यायाचे होईल. ओढग्रस्तीचा संसार होता, शेवटी दीर्घ आजार होता. आणि त्या पुनर्लेखनातूनच हिंदीला 'अंधेरे में' ही कविता मिळाली, हेही विसरता येत नाही. पण मुक्तिबोधांची ताकद नसलेला माणूस त्यांची फक्त चिकित्सा उचलतो, तेव्हा त्याच्या हाती कविताही राहत नाही आणि संग्रहही नाही.

खरा कठीण आक्षेप वेळेचा आहे, आणि तो बहुतेक उत्साही लेखांतून अर्ध्या वाक्यात उडवून लावला जातो. महिनाभर रोज दोन-तीन तास कुणाकडे असतात? गाजलेल्या झटपट कादंबऱ्यांच्या मागे पाहिले तर प्रत्येक वेळी कुणीतरी उभे दिसते. दस्तयेव्हस्कीने १८६६ च्या ऑक्टोबरात 'द गॅम्बलर' सव्वीस दिवसांत पुरी केली, कारण मुदत चुकली असती तर पुढच्या नऊ वर्षांच्या लेखनाचे हक्क प्रकाशकाच्या घशात जाणार होते. ती त्याने सांगितली. लघुलिपीत उतरवून रात्री स्वच्छ प्रत करणारी होती विशीतली आना. पुढे त्यांचे लग्न झाले. काझुओ इशिगुरो यांनी 'द रिमेन्स ऑफ द डे'चा मुख्य भाग चार आठवड्यांत लिहिला, सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते रात्री साडेदहा. त्या काळात त्यांच्या वाटचा स्वयंपाक आणि घरकाम पत्नी लॉर्ना यांनी उचलले, हे त्यांनीच नमूद केले आहे. तुरुंगातल्या लेखकांचे हाल कमी नव्हते, तरी एक सोय होतीच: संध्याकाळी भाजी काय करायची हा प्रश्न त्यांना पडत नव्हता. सेक्टर २ मधल्या ज्या बाईला पहाटे फर्स्ट शिफ्टचा डबा, सकाळी शाळेचा डबा आणि दुपारी सेकंड शिफ्टच्या माणसाचे जेवण सांभाळायचे आहे, तिला 'रोज फक्त दोन तास काढा' असे सांगणे हा उद्धटपणा आहे.

म्हणून हे आव्हान एकट्याचे समजू नये. नेम घरातला एक माणूस धरतो, पण तो पाळतो सगळे घर. श्रावण पाळणाऱ्या घरात हे कुणाला समजावावे लागत नाही. पुरुष लिहिणार असेल तर त्याने त्या महिन्याचे उसने पुढच्या महिन्यात फेडावे, आणि बाई लिहिणार असेल तर घराने एक वेळचा स्वयंपाक उचलावा. एवढा करार आधी होत नसेल तर खर्डा आठव्या दिवशी बंद पडेल, आणि दोष इच्छाशक्तीला दिला जाईल. ज्यांना सलग महिना मिळणे शक्यच नाही त्यांच्यासाठी हप्त्याची वाट आहे. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानेच लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'ही 'संजीवनी'तून क्रमशः आली; शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईंनी लिहिलेले ते गद्य आजही ताजे आहे. हप्ताही मुदतच असते, फक्त ती दर आठवड्याला नव्याने येते.

हिशेब मराठीचा मराठीत करावा. पन्नास हजार हा आकडा इंग्रजीचा आहे. इंग्रजीत 'इन द हाउस' हे तीन शब्द होतात, मराठीत 'घरात' एकच. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. त्यामुळे मराठीत चाळीस हजारांचे लक्ष्य पुष्कळ झाले. छापल्यावर साधारण दीडशे पानांची कादंबरी भरेल. रोजचे होतात सुमारे तेराशे तेहतीस शब्द, हाताने लिहिले तर फुलस्केपची पाचएक पाने. आणि पाळी बदलत असेल तर रोजचा आकडा धरूच नये. नाइट शिफ्ट करून सकाळी आलेल्या माणसाकडून पाच पाने मागणे म्हणजे त्याला चौथ्या दिवशी हरवणे. आठवड्याचे साडेनऊ हजार धरावेत आणि साप्ताहिक सुट्टीला तूट भरून काढावी. टंकायला अडचण वाटणाऱ्याने फोनला बोलून सांगावे. फोन मराठी बऱ्यापैकी ऐकतो. ळ आणि ल यांत गोंधळ घातला तर तो दुरुस्तीच्या वेळचा प्रश्न आहे.

मग फोनलाच, किंवा यंत्राला, सगळी कादंबरी लिहायला का सांगू नये? आता हा प्रश्न टाळता येत नाही. चाळीस हजार शब्द यंत्र चहा होईपर्यंत देईल. त्यातून सिद्ध होते ते इतकेच की शब्दांची संख्या हे फळ नव्हते, ती मोजपट्टी होती. पारायणाचे पुस्तक ध्वनिमुद्रित करून सात दिवस खोलीत लावून ठेवले तर पारायण झाले असे कुणी म्हणत नाही. आणि भिलाईसारख्या ठिकाणी यंत्राकडून एक गोष्ट मिळणे विशेष अवघड आहे: इथली मराठी.

मला सगळ्यात मोठा फायदा या भाषेच्या बाजूने दिसतो. कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. देशभरातून माणसे आली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची तर मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच होती. त्यांच्या घरातली मराठी 'काय करून राहिला?' अशी विचारणारी, 'ड्यूटी', 'क्वार्टर', 'छुट्टी' सहज वापरणारी, पुढच्या पिढीत हिंदी शाळेतून फिरून आलेली. ही माणसे मराठीत लिहायला बसली की आधी घाबरतात. पुण्याची प्रमाण मराठी जमणार नाही, ऱ्हस्वदीर्घ चुकेल, हिंदी शब्द आला तर लोक हसतील. सावकाश लिहिणारा माणूस प्रत्येक वाक्याला पुणेरी कपडे घालून पाहतो, आणि मग ते वाक्य कुणाचेच राहत नाही. रोज पाच पाने ओढायची असली की कपडे घालायला वेळ नसतो. तोंडात असलेली भाषाच कागदावर येते. 'कोसला'ने साठ वर्षांपूर्वी हेच धाडस दाखवले होते, बोलण्याची लय लेखनात आणण्याचे. प्रमाणभाषेच्या कैवाऱ्यांना हे खटकेल आणि त्यांची बाजू अगदीच फोल नाही: महाराष्ट्रातल्या वाचकाला समजायला हवे, शुद्धलेखन सांभाळायला हवे. ते सांभाळणारे मुद्रितशोधक असतात. बोली हरवली तर ती परत आणून देणारा कुणी नसतो.

आता महिना कोणता घ्यावा? नोव्हेंबर आपल्या कामाचा नाही. कधी त्यात दिवाळी येते, नाहीतर फराळ, पाहुणे आणि दिवाळी अंक यांत त्याचा पहिला पंधरवडा जातो, त्यामागोमाग लग्नसराई. आपल्या पंचांगाने मात्र अशा कामासाठी एक महिना जणू वेगळा काढून ठेवला आहे. चांद्र आणि सौर वर्षांतला अकरा दिवसांचा फरक भरून काढायला साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. त्यात लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही, म्हणजे संध्याकाळी कुठे जायचे नाही. नेम धरायचा, तर परंपरेनेच हा महिना नेमाचा. जावयांचा पाहुणचार तेवढा आड येतो, पण तो एका दिवसाचा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. भिलाईत तेव्हा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, शाळा बंद असतात, अर्धा सेक्टर गावी गेलेला असतो आणि दुपारी कूलरच्या घरघरीत कुणी दार वाजवत नाही. फुलस्केप वह्या आधी आणून ठेवा, घरात करार करून घ्या, आणि सोळा जूनला खर्डा कुणालाही न दाखवता कपाटात ठेवून द्या. दिवाळीनंतर तो बाहेर काढायचा आहे, लाल पेन घेऊन.